सत्यघटनेवर आधारित मतं

सलग तीन-चार जाड कादंबऱ्या संपवल्या की माणसाला मतं फुटू लागतात. एखादी रहस्याची, एखादी साहसाची, एखादी इतिहासाची, एवढा खुराक पुरतो. अवघड असतं ते पुढचं. वाचलेल्यातलं खरं काय मानायचं आणि थाप कशाला म्हणायचं, हे चारचौघांत पटकन ठरवावं लागतं. त्यासाठी एकच नियम लक्षात ठेवा. लेखकाने जे रचलंय ते खरं माना, आणि जे खरोखर घडतं त्याला ‘हे जरा अतिच होतं’ म्हणा.

सुरुवात पहिल्या पानापासूनच करा. ‘द दा विंची कोड’ (2003) पहिल्याच पानावर ‘वस्तुस्थिती’ म्हणून सांगते, की ‘प्रायरी ऑफ सायन’ ही गुप्त संघटना 1099 साली स्थापन झाली आणि ती खरी आहे. आता संघटना होती, हे खरंच. फक्त तिची नोंदणी 1956 सालची, पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या मंडळींनी फ्रान्समध्ये केलेली. थोर इतिहास मागाहून चिकटवलेला. साडेआठशे वर्षांचा हा किरकोळ फरक मनावर घेऊ नका. लूव्हरच्या काचेच्या पिरॅमिडला 666 तावदानं आहेत, असंही त्याच पुस्तकात आहे. संग्रहालयाचा आकडा 673. संग्रहालयाला स्वतःच्या काचा धड मोजता येत नाहीत, असा निष्कर्ष काढा आणि त्यामागे कुणाचा तरी हात असणार, असं हळूच सुचवा.

याच कादंबरीवर कल्पना उचलल्याचा खटला लंडनच्या हायकोर्टात 2006 साली चालला. वादी मंडळींनी आपलं पुस्तक इतिहास म्हणून लिहिलेलं. मग इतिहासावर मालकी सांगायची कशी, या पेचात ते सापडले आणि हरले. पुढची गंमत अशी, की न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी निकालपत्रात मधूनच काही अक्षरं तिरकी छापून स्वतःचा एक सांकेतिक संदेश दडवून ठेवला. हे कुणी सांगितलं तर मात्र मान डोलावू नका. ‘न्यायमूर्ती कधी असले पोरखेळ करतात का?’ असं विचारायची हीच जागा.

या कामात खरा हात बसतो तो फ्रेडरिक फोर्सिथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’वर (1971). एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना टिपायला निघतो. द गॉल 9 नोव्हेंबर 1970 रोजी स्वतःच्या घरी वारले, म्हणजे पुस्तक येण्याआधीच शेवट जगजाहीर. तुम्ही म्हणा, ‘शेवट आधीच माहीत, मग उत्कंठा कसली?’ हस्तलिखित परत करणाऱ्या प्रकाशकांनाही हीच शंका आली होती. त्यांचं पुढे काय झालं, हा विषय काढू नका.

त्या कादंबरीत मारेकरी गावोगावच्या दफनभूमीत थडग्यांवरचे मजकूर वाचत फिरतो. त्याला हवा असतो असा मुलगा, जो अगदी लहानपणी गेला आणि जगला असता तर आज त्याच्याच वयाचा असता. असं नाव सापडलं की तो त्या मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत मागवतो. मृत्यूचं नाव काढत नाही. जन्माची नोंद एका दप्तरात, मृत्यूची दुसऱ्या. दोन्ही ताडून पाहायचं कुणाच्या कामात बसत नाही. दाखला जोडून पासपोर्टचा अर्ज जातो आणि मेलेल्या पोराच्या नावाचा, जिवंत फोटोचा पासपोर्ट हातात येतो. ना गोळी, ना पाठलाग, नुसता कारकुनी कागद, आणि तरी वाचताना घसा कोरडा पडतो. ही पळवाट खरी होती. पुस्तक लाखोंनी वाचलं, तरी ब्रिटनमध्ये ती कित्येक वर्षं उघडीच राहिली, आणि या फसवणुकीला तिथे कादंबरीचंच नाव पडलं. तुम्ही तेवढं म्हणायचं: ‘पासपोर्ट इतका सहज मिळतो? लेखकाने वाचकाला अगदीच खुळा समजलंय.’

याउलट दुसऱ्या एखाद्या थरारकथेत नायकाच्या खांद्यात गोळी शिरली आणि पुढच्या प्रकरणात तो त्याच हाताने हेलिकॉप्टरला लटकला, तर अवाक्षर काढू नका. तिथे कथानकाचा वेग महत्त्वाचा.

इतिहासाच्या कादंबरीत हाच नियम जास्त श्रद्धेने पाळावा लागतो. रात्रीची वेळ, तंबू, मिणमिणता दिवा, आत दोघेच. दोघेही आठवड्याच्या आत रणात पडणार आहेत. तरीही त्यांचं तीन पानी बोलणं अर्धविरामांसकट आपल्याला मिळतं. ते कुणी टिपून ठेवलं, असं विचारणारा माणूस रसिक नव्हे. तुम्ही ते पाठ करा, निरोपसमारंभात ठोकून द्या, सोबत ‘इतिहासप्रसिद्ध उद्गार’ असं जोडा. दोन पिढ्यांत ते खरोखर इतिहासप्रसिद्ध होतात. आणि कुणी जुन्या दप्तरातलं अस्सल पत्र पुढे केलं, ज्यात सरदाराने पराक्रमाबद्दल चकार शब्द न काढता थकलेला पगार, महागलेला दाणा आणि सावकाराचा तगादा एवढंच लिहिलंय, तर नाक मुरडून म्हणा, ‘यात इतिहास कुठे आहे?’

आणि हो, ‘शेवट माहीत आहे’ ही तक्रार इथे चालत नाही. 14 जानेवारी 1761 ला काय झालं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी ‘पानिपत’ (1988) वाचताना शेवटची पन्नास पानं आली की यंदा तरी जमेल, असं वाटत राहतं. जॅकलला लावलेला निकष इथे का लावला नाही, असं कुणी विचारलंच तर भावना दुखावून घ्या.

परदेशी इतिहासाचं ज्ञान मिळवायचं तर फ्रेंच कादंबरीकार द्यूमासारखा गुरू नाही. त्याच्या ‘द थ्री मस्केटीअर्स’चा नायक दार्तान्याँ हा माणूस खरोखर होऊन गेला, 1673 साली मास्ट्रिख्टच्या वेढ्यात मारला गेला. त्याच्या आठवणी 1700 साली छापून आल्या, मेल्यावर सत्तावीस वर्षांनी, लिहिणारा भलताच. त्या आठवणींवर द्यूमाने 1844 साली ही कादंबरी उभी केली आणि तिच्यावर आपण सतराव्या शतकाच्या फ्रान्सबद्दल ठामपणे बोलतो. तळमजला तपासायला जाऊ नये, वरच्या मजल्याला हादरे बसतात.

साहसकथांबद्दल फार शिकायची गरज नाही, कारण त्या आपण लहानपणी वाचल्या आहेत असं प्रत्येकालाच वाटतं. जूल्स व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’चा विषय निघाला, की बलूनच्या प्रवासाचं वर्णन करा. मूळ पुस्तकात नायक फॉग बलूनमध्ये चढतच नाही, उलट तो मार्ग जमण्यासारखा नाही म्हणून एका वाक्यात निकालात काढलाय. बलून 1956 च्या सिनेमातला. फॉग हत्तीवर मात्र बसतो, कारण अलाहाबादच्या अलीकडे रेल्वेमार्ग अर्धवट असतो. कथा 1872 ची, आणि तो मार्ग प्रत्यक्षात 1870 सालीच पूर्ण झाला होता. म्हणजे बलून तुमचा आणि हत्ती व्हर्नचा. दोन्ही छातीठोकपणे सांगा. हॅगर्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मध्ये पहिल्या आवृत्तीत पौर्णिमेच्या पाठोपाठ सूर्यग्रहण लागलं होतं, नंतर ते गुपचूप चंद्रग्रहण झालं. जुनी प्रत मिळाली तर तीच संग्रही ठेवा.

बऱ्याच कादंबऱ्यांच्या शेवटी लेखकाचं टिपण असतं. कोणतं पात्र काल्पनिक, कुठल्या दोन लढाया एक केल्या, कोणतं पत्र मनाने रचलं, हे सगळं तो बिचारा स्वतःच कबूल करतो. ती पानं चिकटलेली असतील तर तशीच राहू द्या. तुमच्या ओळखीत एखादा असतोच, जो आधी तेच टिपण वाचतो आणि मग तुमच्या प्रत्येक वाक्याला ‘तसं नाहीये ते’ म्हणतो. त्याच्याशी वैर धरू नका. एखाद्या कादंबरीमालिकेचा पुढचा सातशे पानी भाग त्याला वाचायला द्या. महिन्याभरात तो चुका दाखवता दाखवता पूर्ण गोष्ट सांगून टाकेल. चुका त्याच्यापाशी राहू द्या, गोष्ट तेवढी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगा, ‘पहिल्या भागाची सर नाही.’