पोरं उद्धट झाली म्हणता, पण ती शिकली कुठून?

"हल्लीच्या पोरांना मोठ्यांची किंमत राहिलेली नाही." हे वाक्य सतत कानावर पडतं, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मी फिटर ट्रेड, म्हणजे लोखंडाचे भाग घासून-जोडून नेमके बसवण्याचं काम, शिकवतो. सतरा-अठरा वर्षांची मुलं रोज समोर असतात. उलट उत्तरं, शिकवत असताना मोबाईल, मुद्दाम उशिरा येणं, सगळं बघतो. पण या तक्रारीतला एक भाग आपण सोयीने गाळतो.

घरी नळ दुरुस्त करायला प्लंबर आलेला असतो. वडिलांच्या वयाचा माणूस. आणि घरातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा बसल्या जागेवरून म्हणतो, "ए, लवकर आटप ना, माझा क्लास आहे." आई-बाबा तिथेच असतात, कुणी काही बोलत नाही. हाच मुलगा डॉक्टरांशी असं बोलला असता तर घरी गेल्यावर त्याची खरडपट्टी निघाली असती. मुलं मूर्ख नसतात. मान माणसाला नसतो, पदाला आणि पैशाला असतो, हे त्यांना बरोबर कळतं. मग एक दिवस तोच मुलगा हिशोब करतो की आपल्या शिक्षकांकडे साधी गाडी आहे, आपल्या बाबांकडे मोठी. त्या दिवसापासून तो शिक्षकांशीही तसाच बोलायला लागतो, आणि आपण विचारतो की संस्कार कुठे कमी पडले.

दुसरा मुलगा वेगळा. त्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं, "अभ्यास केला नाहीस तर हातात पाना येईल." गुण कमी पडतात आणि घरचे त्याला खरोखरच ट्रेडला घालतात. म्हणजे जी शिक्षा म्हणून सांगितली होती ती झाली. आता हा मुलगा पहिल्या दिवशी माझ्यासमोर मान खाली घालून, नम्रपणे उभा राहील ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? तो मागच्या बाकावर बसून टवाळी करतो, कारण "ढ" म्हणून हिणवलं जाण्यापेक्षा "वाया गेलेला" म्हणवून घेणं त्याला परवडतं.

या मुलाला मी पहिल्यांदा लोखंडाचा चौकोनी तुकडा आणि कानस, म्हणजे धातू घासायची दातेरी पट्टी, देतो. तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, पकडायचा आणि एक बाजू सपाट करायची. एवढंच काम. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब द्यायचा नसतो. हे सांगून कळतं, पण हाताला कळायला वेळ लागतो. सुरुवातीला सगळ्यांचीच बाजू मधे फुगीर होते, कारण हात झुलतो. मग त्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी मापपट्टी, टेकवून तुकडा उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. इथे माझ्याशी वाद घालून उपयोग नसतो, कारण चूक मी काढलेली नसते. जो पोरगा माझं एक वाक्य ऐकून घेत नव्हता, तो त्या फटीकडे बघतो आणि मुकाट्याने पुन्हा व्हाइसकडे जातो. काही दिवसांनी फट मिटते. मग तो शेजारच्याला "कोपर असं ठेव" म्हणून सांगायला लागतो. त्याच्या तोंडून "सर, हे बघा ना" असं येतं तेव्हा त्यात आदर असतो, आणि तो मी मागितलेला नसतो.

सगळीच मुलं अशी वळत नाहीत. काहींच्या घरची परिस्थिती, व्यसनं, मारहाण हे कानशीने सुटणारे प्रश्न नाहीत. पण ज्यांचं मूळ दुखणं अपमान हे आहे, त्यांच्यात होणारा बदल डोळ्यांना दिसतो.

हाताच्या कामाला खालचं मानलंच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं शिक्षण संपल्यावर साधारण दोन तृतीयांश मुलं व्यावसायिक शिक्षणाकडे जातात. जर्मनीत व्यवसाय प्रशिक्षणाचा स्वतंत्र कायदा १९६९ सालापासून आहे. शिकाऊ मुलगा आठवड्यातले बहुतेक दिवस प्रत्यक्ष कामावर असतो, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, आणि त्याला भत्ता मिळतो. तिथल्या पात्रता-आराखड्यात 'माइस्टर', म्हणजे आपल्या कामातला उस्ताद, हा पदवीधराच्याच पातळीवर, सहाव्या स्तरावर आहे. जर्मनीचं सगळंच उचलावं असं मात्र मला वाटत नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत दहाव्या वर्षाच्या आसपासच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, ते मला फार लवकर वाटतं.

आणि नुसता "श्रमाला प्रतिष्ठा द्या" हा उपदेश मला चीड आणतो. शिकाऊ म्हणून घ्यायचं आणि वर्षभर फक्त झाडू मारायला लावायचं, वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे धरायला धड काच द्यायची नाही, ग्राइंडरला गार्ड नाही, उस्तादाच्या शिव्या हेच प्रशिक्षण! अशा ठिकाणी मुलगा नम्रता कशी शिकणार? पगार नीट हवा, सुरक्षेची साधनं हवीत, आणि पुढे डिप्लोमा किंवा पदवीकडे जायचं तर दार उघडं हवं. एवढं असेल तर पालकांना पटवावं लागत नाही.

परवा एका आईने विचारलं, "मुलीला गुण चांगले आहेत, पण ती इलेक्ट्रिशियन व्हायचं म्हणते, लोक काय म्हणतील?" लोकांचं मी काही बोललो नाही. त्यांना सांगितलं, संस्थेत जाऊन कार्यशाळा उघडून दाखवायला सांगा. यंत्रं चालू आहेत की कपड्याखाली झाकलेली आहेत ते बघा. आठवड्यात प्रात्यक्षिकाचे तास किती, शिकाऊ उमेदवारी कुठे मिळते, मागच्या बॅचची मुलं-मुली आज कुठे आहेत, हे विचारा. आणि जाताना मुलीला सोबत न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या.