अर्धा कोच

सुपर बोलसाठी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी, पहाटे उठलेला पक्या संध्याकाळी कट्ट्यावर आला तो तारवटलेल्या डोळ्यांनीच. चहा हातात यायच्या आत सुरू झाला, "एनएफएल या त्यांच्या व्यावसायिक लीगमधला पहिला काळा मुख्य कोच कोण, माहितीये? फ्रिट्झ पोलार्ड. १९२१, अ‍ॅक्रन गावचा अ‍ॅक्रन प्रोज संघ."

"हॅट! त्या साली कोच म्हणून एल्गी टोबिनचंही नाव लागतं," सुन्या म्हणाला. "अर्धा कोच म्हण फार तर. वर स्वतः खेळायचाही."

"अरे, तेव्हाचा नामवंत खेळाडू जिम थॉर्पसुद्धा खेळून कोचिंग करायचा आणि १९२० साली तर लीगचा अध्यक्षही होता! बाहेर बसून डाव सांगायला नियमाने बंदी. मग कोच मैदानात नको?"

हा मुद्दा बिनतोड होता. सुन्याने बिस्कीट बुडवलं.

मला मात्र पोलार्डचा खेळ जास्त भावतो. जेमतेम पावणेसहा फूट उंची, वजन ७५ किलो, समोर सगळे रेडे. हा खाली पडला की मुद्दाम अंगावर उड्या पडायच्या. म्हणून गडी पडल्या पडल्या पाठीवर वळून बुटांचे खिळे वर करायचा. ये म्हणावं आता!

"कुस्तीत चीत झाला असता," अण्णा म्हणाले. अण्णांचं सगळं लाल मातीत येऊन थांबतं.

१९२० साली अ‍ॅक्रन एकही सामना न हरता लीगचा पहिला विजेता ठरला, त्यात हा होता. आणि त्याच गावात प्रेक्षक इतके अंगावर यायचे की संघासोबत कपडे बदलायची सोय नाही. मालकाच्या सिगार कारखान्यात तयार व्हायचं आणि सामना सुरू होताना थेट मैदानात यायचं.

"पुढे?" अण्णा.

मी म्हणालो, "१९३४ ते १९४५ लीगमध्ये एकही काळा खेळाडू नाही. याने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ब्राउन बॉम्बर्स हा काळ्या खेळाडूंचा संघ सांभाळला. लीगमध्ये दुसरा काळा मुख्य कोच थेट १९८९ साली, रेडर्स संघाचा आर्ट शेल. पोलार्ड १९८६ मध्येच गेला. हॉल ऑफ फेममध्ये घेतला २००५ साली."

"म्हणजे पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत ६८ वर्षं!" पक्या सुन्याकडे वळला. "चल, अर्धा तर अर्धा. मधल्या काळातला आणखी एक अर्धा दाखव."

सुन्या बराच वेळ मोबाइलवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ते राहू दे. टोबिनचं काय ते आधी सांग."