एनबीएचे भाव काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

दर ऑक्टोबरला एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा सीझन सुरू व्हायच्या सुमारास सट्ट्याच्या भावांबद्दल एक दावा हमखास फिरतो: ‘बुकींना सगळं ठाऊक असतं. भावातून निघणारी टक्केवारी हीच संघाची विजेतेपदाची खरी शक्यता. सर्वांत कमी भाव ज्याचा, तोच जिंकणार. आणि तो हरला, तर बाजार गंडला.’ या दाव्यातली एकेक गोष्ट तपासून पाहू.

आधी टक्केवारी. एकास तीन भाव (एक रुपया लावला आणि जिंकलात, तर तीन रुपये नफा) म्हणजे चारातली एक संधी, म्हणजे २५ टक्के. इथवर गणित बरोबर. पण तीसही संघांचे भाव असेच टक्क्यांत बदलून बेरीज केली, तर ती शंभरावर थांबत नाही, सहज १२० च्या पुढे जाते. शंभरावरचा भाग बुकीचा. बेरीज १२५ आली, तर एकास तीन भावाच्या २५ टक्क्यांना १.२५ ने भागल्यावर २० उरतात. शिवाय हा वाटा सगळ्या संघांत सारखा विभागलेला नसतो. तळाच्या संघाला एकास ५०० भाव मिळतो, पण त्याची खरी शक्यता त्याहून कितीतरी कमी असते. म्हणून नुसत्या भागाकारानेही खरा आकडा हाती लागत नाही, अंदाज लागतो.

भावात लोकप्रियताही मिसळलेली असते. ज्या संघावर चाहते डोळे झाकून पैसे लावतात, त्याचा भाव बुकी उदारपणे कशाला देईल? २०२१-२२ मध्ये रसेल वेस्टब्रुक हा नावाजलेला खेळाडू आल्यावर लेकर्स हा संघ नेट्सच्या खालोखाल दावेदार होता. ३३ विजय, ४९ पराभव, प्ले-इनसुद्धा (बाद फेरीच्या शेवटच्या जागांसाठीचे सामने) नाही. वय आणि दुखापती ही कारणं होतीच, पण लेकर्सचा भाव वाचताना त्या नावामागचा पैसा वजा करायलाच हवा.

आता ‘सर्वांत कमी भाव तोच विजेता’. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे संघ जिंकले: रॅप्टर्स, लेकर्स, बक्स, वॉरियर्स, नगेट्स, सेल्टिक्स, थंडर. २०२१-२२ चे फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचे, नेट्स बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत सेल्टिक्सकडून ४-० हरले. कोविडची लस न घेतल्यामुळे नेट्सच्या कायरी अर्व्हिंगला बराच काळ घरच्या मैदानावर उतरता आलं नाही, त्यांचाच दुसरा स्टार जेम्स हार्डन फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या संघात गेला. ऑक्टोबरच्या भावात हे कसं मावणार? फेव्हरिटची शक्यता २० टक्के असेल, तर तो हरण्याची ८० टक्के असते, एवढं तरी लक्षात घ्यावं.

‘बाजार गंडला’ म्हणणाऱ्यांचं लाडकं उदाहरण २०१४-१५ चे वॉरियर्स. भाव एकास २८, म्हणजे साधारण साडेतीन टक्के. त्या ऑक्टोबरात हा भाव अजिबात वेडगळ नव्हता. आदल्या मोसमात संघ पहिल्या फेरीत क्लिपर्सकडून हरलेला, स्टीव्ह कर पहिल्यांदाच प्रशिक्षक झालेला. मग डेव्हिड लीच्या मांडीच्या दुखापतीमुळे ड्रेमंड ग्रीनला सुरुवातीच्या पाचांत जागा मिळाली आणि संघाचा बचावच बदलला. ६७ विजय झाले. फायनलमध्ये समोरच्या कॅव्हलियर्सकडे केव्हिन लव्ह नव्हता आणि पहिल्या सामन्यानंतर, तेव्हा त्यांच्याकडून खेळणारा अर्व्हिंगही नव्हता, आणि वॉरियर्स विजेते ठरले. साडेतीन टक्क्यांची गोष्ट एकदा घडली, म्हणून साडेतीन टक्के चुकीचे ठरत नाहीत. ते तपासायचं तर अशा भावाचे शेकडो संघ घ्यावे लागतील, आणि विजेता वर्षाला एकच मिळतो.

याचा अर्थ भाव टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. सात सामन्यांच्या मालिकेत नशिबाला वाव कमी, म्हणून बास्केटबॉलमध्ये वरच्या चार-पाच दावेदारांची यादी बऱ्यापैकी खरी निघते. केव्हिन ड्युरँट हा स्टार खेळाडू आल्यावर वॉरियर्स २०१७ आणि २०१८ असे दोन्ही वेळा फेव्हरिट होते आणि दोन्ही वेळा जिंकले. २०२४-२५ मध्ये सेल्टिक्सच्या खालोखाल थंडर होते, तेच जिंकले. पण त्यांना सातव्या सामन्यापर्यंत झुंजवलं ते पेसर्सनी, ज्यांना ऑक्टोबरात दावेदारांत कुणी धरलंच नव्हतं. हा दावा पुढे पाठवण्याआधी निदान तीस संघांची बेरीज तरी करून बघा.