रिसीव्हर नुसते भरती करून मिळत नाहीत

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हंगाम जवळ आला की एक मजकूर दरवर्षी नव्यानं फिरायला लागतो. अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत शनिवारची दुपार आता या खेळाची झाली आहे, त्यामुळे आपल्या ग्रुपांवरही तो येतो. मजकूर थोड्याफार फरकानं असा असतो: ओहायो स्टेट या विद्यापीठातून एवढे वाइड रिसीव्हर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जातात, त्यात कोचचं कर्तृत्व काही नाही. देशातली सगळ्यात चांगली पोरं तेच उचलतात. वेग आणि उंची शिकवून येत नाही. पोरं तयारच येतात. आणि आता कॉलेज बदलू देणारं पोर्टल आणि खेळाडूंना मिळणारा पैसा आल्यावर तर खेळाडू घडवण्याची गोष्टच संपली.

मला हा मजकूर फार खटकतो. त्यात कोचच्या मेहनतीवर पाणी पडतंच, पण त्याहून जास्त पडतं ते त्या पोरांच्या मेहनतीवर. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, ठरलेल्या वाटेनं पळतो आणि क्वार्टरबॅकनं फेकलेला चेंडू झेलतो. त्यातून संघ किती यार्ड पुढे गेला ते त्याच्या नावावर मोजतात, आणि चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन. त्या वाटेला रूट म्हणतात. त्याला अडवायला समोर कॉर्नरबॅक असतो. लांबून बघताना हे पळणं आणि झेलणं एवढंच दिसतं, आणि बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

आता पहिला मुद्दा, ताऱ्यांचा. हायस्कूलच्या खेळाडूंना रेटिंग देणाऱ्या कंपन्या आहेत. पाच तारे दरवर्षी देशभरात जेमतेम तीसेक पोरांना मिळतात. ओहायो स्टेटला त्यातले पुष्कळ मिळतात, हे खरं. एनएफएलचे संघ पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात; पाच ताऱ्यांचा मुलगा पुढे त्याच्या पहिल्या फेरीत जाण्याची शक्यता तीन ताऱ्यांच्या मुलापेक्षा कितीतरी पट जास्त असते, हेही खरं. ते नाकारून वाद जिंकण्यात मला रस नाही. पण तारे उपयोगाचे असतात, एवढंच म्हणून हा मजकूर थांबत नाही. बाकी काही लागतच नाही, असं तो म्हणतो.

तसं असतं तर ओहायो स्टेटचाच इतिहास वेगळा दिसला असता. २००७ च्या ड्राफ्टमध्ये टेड गिन ज्युनियर आणि अँथनी गोन्झालेझ हे त्यांचे दोन रिसीव्हर पहिल्या फेरीत गेले. त्यानंतर २००८ ते २०२१ अशी चौदा वर्षं एकही गेला नाही. या काळात भरती काही वाईट नव्हती. मुख्य कोच अर्बन मायरच्या वर्षांत तर ती देशातल्या सर्वोत्तम भरत्यांमध्ये मोजली जायची. आणि मग २०२२ मध्ये गॅरेट विल्सन दहावा आणि ख्रिस ओलावे अकरावा, २०२३ मध्ये जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा विसावा, २०२४ मध्ये मार्विन हॅरिसन ज्युनियर चौथा, २०२५ मध्ये एमेका एग्बुका एकोणिसावा. चार वर्षांत पाच. तारे आधीही होते आणि नंतरही, मग मधे बदललं काय?

दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे कोच रायन डे आल्यावर पासिंगचा, म्हणजे चेंडू फेकून पुढे जाण्याचा खेळ वाढला आणि क्वार्टरबॅकही उत्तम मिळाले. याचं श्रेय एकट्या रिसीव्हर कोचला देता येणार नाही. दुसरी म्हणजे २०१८ च्या हंगामाच्या तोंडावर ब्रायन हार्टलाइनकडे रिसीव्हर सोपवले गेले. तो स्वतः याच कॉलेजचा रिसीव्हर. चौथ्या फेरीत निवडला गेलेला, फार वेगवान म्हणून कधीच न ओळखला गेलेला, तरीही एनएफएलच्या मायामी संघाकडून सलग दोन हंगाम हजार यार्डांच्या पुढे गेलेला. ज्याला अंगभूत वेगावर निभावून नेता आलं नाही, त्याला बारकावे शिकवता येतात, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

जॉर्जिया विद्यापीठाचं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. गेली कित्येक वर्षं त्यांची भरती देशात अगदी वरच्या काहींत असते आणि २०२१ व २०२२ हे दोन्ही हंगाम त्यांनी जिंकले. तरी २०११ च्या ए. जे. ग्रीननंतर २०२५ पर्यंत त्यांचा एकही रिसीव्हर पहिल्या फेरीत गेला नाही. त्यांचा खेळ वेगळा आहे, ते टाइट एंडला, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणाऱ्या धिप्पाड खेळाडूला, जास्त वापरतात, त्यात कमीपणा काही नाही. पण पोरगा कुठे जातो आणि तिथे त्याच्याकडून काय करून घेतात यानं फरक पडतो, एवढं तरी मान्य करावं लागेल.

शिवाय भरती म्हणजे यादी वाचून वरची नावं उचलणं नव्हे. ओलावेचंच बघा. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसच्या मिशन हिल्स हायस्कूलचा हा मुलगा, तीन ताऱ्यांचा. शाळा बदलल्यामुळे नियमानुसार त्याला अकरावीचा हंगाम खेळताच आला नव्हता, त्यामुळे दाखवायला व्हिडिओही नव्हता. रायन डे तिथे गेला होता जॅक टटल नावाचा क्वार्टरबॅक बघायला. टटलचे चेंडू झेलणारा हा बारीक मुलगा त्याच्या नजरेत भरला. टटल शेवटी यूटाला गेला आणि ओलावे कोलंबसला, ओहायो स्टेटच्या गावी आला. पुढे ओहायो स्टेटच्या इतिहासात सगळ्यात जास्त, म्हणजे ३५ टचडाउन पास झेलणारा तोच ठरला. कुठल्या यादीनं ओलावे दिला नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून बघणाऱ्या माणसानं दिला.

याच्या उलटही घडतं. २०२० साली हायस्कूलमधून आलेला, देशात पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला रिसीव्हर ओहायो स्टेटलाच आला होता. दुखापतींनी त्याचा पिच्छा सोडला नाही आणि तो कधी फुलला नाही. त्याच वर्षी, त्याच संघात त्याच्यापेक्षा खालच्या रँकिंगचा स्मिथ-एन्जिग्बा आला होता. १ जानेवारी २०२२ च्या रोझ बोल या मानाच्या सामन्यात यूटाविरुद्ध त्यानं १५ झेल, ३४७ यार्ड आणि तीन टचडाउन केले.

एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) जस्टिन जेफरसन तर रँकिंगमध्ये दोन हजारांच्याही पलीकडे होता. २०१७ मध्ये पहिल्या वर्षी त्याच्या नावावर एकही झेल नाही. २०१८ मध्ये ५४. मग जो ब्रेडी हा कोच पासिंगची नवी पद्धत घेऊन आला, जेफरसनला कडेवरून आत, स्लॉट म्हणतात त्या जागी आणलं, आणि २०१९ मध्ये झाले १११ झेल, १८ टचडाउन. ओक्लाहोमाविरुद्धच्या पीच बोल सामन्यात चार टचडाउन त्यानं पहिल्या अर्ध्यातच केले. तारे होते तेवढेच राहिले होते.

आता वेग. वेग शिकवता येत नाही, हे बरंचसं कबूल. पण वेग म्हणजे रिसीव्हर नव्हे, आणि याला २०१७ च्या ड्राफ्टइतका बोलका पुरावा सापडणार नाही. त्या वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन रॉसनं चाळीस यार्ड ४.२२ सेकंदांत पळून तेव्हाचा विक्रम केला आणि तो नववा निवडला गेला. ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या कॉलेजचा कूपर कप ४.६२ सेकंदांत पळाला आणि ६९ वा गेला. दुखापतींनी ग्रासलेल्या रॉसला एनएफएलमध्ये एका हंगामात तीस झेलही कधी गाठता आले नाहीत. कपनं २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन करून तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला नंबर काढला आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. हायस्कूलनंतर त्याला एकाही मोठ्या कॉलेजनं स्कॉलरशिप देऊ केली नव्हती.

मग कप करतो काय? हे जवळून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

साधा कर्ल रूट घ्या: बारा यार्ड सरळ पळायचं, थांबायचं, क्वार्टरबॅककडे वळायचं. नवखा पोरगा दहाव्या यार्डालाच अंग ताठ करतो, पावलं छोटी करतो. कॉर्नरबॅकला तेवढंच पुरतं. तो चेंडूच्या आधी पोचतो. शिकलेला रिसीव्हर शेवटच्या क्षणापर्यंत छाती पुढे झुकवून, हात जोरात हलवत पळतो, जणू तो चाळीस यार्ड जाणार आहे. कॉर्नरबॅक घाबरून मागे पळायला वळला की हा कंबर खाली टाकतो, दोन पावलांत थांबतो आणि वळतो. तेवढ्यात दोघांमध्ये तीन यार्डांची फट पडते. ही फट वेगानं पडलेली नसते. वेग मारता येण्यानं पडलेली असते.

किंवा सुरुवातच घ्या. कॉर्नरबॅक नाकासमोर उभा आहे आणि स्नॅप होताच, म्हणजे चेंडू खेळात येताच, दोन्ही हातांनी छातीवर दाबणार आहे. त्याचा हात मनगटापाशी फटकावून खांदा खाली घालून निसटायचं, आणि निसटल्यावर लगेच त्याच्या पुढ्यात त्याच रेषेत यायचं, म्हणजे त्याला पाठीमागूनच धावावं लागतं. लांबच्या चेंडूला हात उशिरा वर करायचे हे आणखी एक. कॉर्नरबॅकची पाठ चेंडूकडे असते, तो रिसीव्हरचे डोळे आणि हात बघून ओळखतो की चेंडू आला. हात शेवटच्या घटकेला निघाले तर त्याला काही कळायच्या आत झेल पूर्ण होतो.

आणि डोक्याचं काम तर निराळंच. कित्येक रूटमध्ये पळता पळता ठरवायचं असतं: समोर मॅन आहे की झोन? माणूस माणसाला धरून असेल तर पळत राहायचं. जागा वाटून उभे असतील तर दोघांच्या मधल्या फटीत थांबायचं. क्वार्टरबॅक चेंडू आधीच सोडतो, त्यामुळे त्यानं आणि रिसीव्हरनं एकच उत्तर काढलं पाहिजे. क्रिकेटमध्ये बॅट्समन चेंडू हातातून सुटतानाच पाय कुठे टाकायचा ते ठरवतो, तसं हे आहे. नेट्समध्ये हजारो चेंडू खेळल्याशिवाय कुणाला जमत नाही. त्यातून कॉलेजच्या नियमांनुसार हंगामात आठवड्याला वीस तासांच्या वर सक्तीचा सराव घेता येत नाही. बाकीचं पोरं स्वतःहून करतात. हॅरिसन ज्युनियर मशीनसमोर उभा राहून एकट्यानं चेंडू झेलत बसायचा म्हणून ओळखला जायचा, आणि त्याचे वडील तर हॉल ऑफ फेममधले रिसीव्हर. असं रक्त असूनही त्याला मशीन लागलं.

झेलणं जन्मजात असतं म्हणणाऱ्यांनी टेरी मक्लॉरिनचंही ऐकावं. इंडियानापोलिसचा हा मुलगा ओहायो स्टेटच्या शिबिरात आला तेव्हा हात कच्चे म्हणून मायरनं स्कॉलरशिपची ऑफर रोखून धरली. तो घरी गेला, सराव केला, पुन्हा शिबिराला आला आणि ऑफर मिळवली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षीही त्याचे झेल ३५ च होते. तिसऱ्या फेरीत निवड झाली आणि एनएफएलच्या वॉशिंग्टन संघाकडून पहिल्याच हंगामात त्यानं ९१९ यार्ड केले.

पोरं तयारच येतात, या मुद्द्यावर फार शब्द खर्च करायला नकोत, आकडे पुरे आहेत. ओहायो स्टेटमधल्या पहिल्या वर्षी स्मिथ-एन्जिग्बाचे झेल १०, हॅरिसनचे ११, एग्बुकाचे ९. दुसऱ्या वर्षी अनुक्रमे ९५, ७७ आणि ७४. अलाबामात डेव्हाँटा स्मिथचे पहिल्या वर्षी ८ झेल होते (त्यातला एक राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा, हे वेगळं), आणि चौथ्या वर्षी ११७ झेल आणि हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. जेरेमाया स्मिथनं २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी १,३१५ यार्ड केले, हे मान्य. असा खेळाडू पिढीतून एखादा निघतो. त्याच्यावरून बाकीच्यांचा नियम बांधायचा नसतो.

राहिला पोर्टल आणि पैशाचा मुद्दा. तयार रिसीव्हर विकत घ्या, असं म्हणणारे नेहमी जेमिसन विल्यम्सचं नाव घेतात. ओहायो स्टेटमध्ये दोन वर्षांत त्याचे १५ झेल, २६६ यार्ड. पुढे विल्सन, ओलावे आणि स्मिथ-एन्जिग्बा असल्यामुळे जागाच नव्हती. २०२१ मध्ये अलाबामाला गेला आणि ७९ झेल, १,५७२ यार्ड, १५ टचडाउन करून ड्राफ्टमध्ये बारावा गेला. पण अलाबामानं घेतला तेव्हा त्याच्या नावावर विकत घेण्यासारखं होतं काय? पंधरा झेल. देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरांच्या सोबतीत दोन वर्षं तो तयार होत होता. टस्कलूसामध्ये, म्हणजे अलाबामाच्या गावी, त्याला मैदान मिळालं आणि उरलेलं शिक्षणही. घडवण्याचं काम दोन कॉलेजांत वाटलं गेलं, एवढाच याचा अर्थ.

आणि पैशाला मर्यादा आहे. जुलै २०२५ पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पण पहिल्या वर्षाची कमाल रक्कम सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि तीही सगळ्या खेळांची मिळून. फुटबॉलच्या संघात १०५ पोरं असू शकतात. क्वार्टरबॅक आणि लाइनमनचे (पुढच्या फळीत झुंजणाऱ्यांचे) भाव भागवून झाल्यावर प्रत्येक जागी तयार माल घेणं कुणालाच परवडत नाही. तीन ताऱ्यांच्या पोराला दोन वर्षांत उभं करणारा कोच आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचा झाला आहे.

शिकवलेला मुलगा दुसरं कॉलेज पळवून नेईल, ही भीती खरी आहे. पण एग्बुका बघा. पहिल्या वर्षी ९ झेल, तरी गेला नाही. तिसऱ्या वर्षी दुखापत झाली, तेव्हाही पोर्टल उघडंच होतं आणि ड्राफ्टही समोर होता. तो चौथ्या वर्षासाठी परत आला, ८१ झेल घेतले, जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दामला हरवून विजेतेपद मिळवलं आणि एकूण २०५ झेलांसह ओहायो स्टेटचा विक्रम आपल्या नावावर करून गेला.