ठेवायला दिलंय, वापरायला नाही

"फुकट जागा देतायत ना, मग बदल्यात काहीतरी घेणारच की!" क्लाउडवरच्या फोटोंचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बोलणारी माणसं एरवी सोसायटीच्या मेंटेनन्सचा पै-पैचा हिशोब मागणारी असतात. मला हे मुळातच मान्य नाही. लॉकरमध्ये ठेवलेला तन्मणी बँकेच्या मॅनेजरीणबाईंनी भाचीच्या लग्नात घालून मिरवला, तर "लॉकरचं भाडं कमी आहे" म्हणून आपण गप्प बसू का?

अमेरिकेत 'एव्हर' नावाचं एक ॲप होतं. फोनमधले फोटो क्लाउडवर चढवा, फोन मोकळा करा, एवढंच काम. २०१७ मध्ये त्यांनी चेहरे ओळखून फोटोंचे गट करणारी सोय आणली, आणि ती आपोआप चालूच ठेवली. पुढे उघड झालं, की लोकांच्या फोटोंतले लाखो चेहरे वापरून कंपनीने चेहरा ओळखायचं तंत्रज्ञान तयार केलं होतं आणि ते दुसऱ्या कंपन्यांना विकायला काढलं होतं. लोकांनी बारशाचे, सहलीचे फोटो ठेवले होते हो!

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. २०१८ मध्ये इलिनॉय, टेक्सस, वॉशिंग्टन ही राज्यं आणि युरोप इथल्या ग्राहकांना 'चेहरे ओळखू का?' असं विचारलं जाऊ लागलं. बाकीच्यांना ते बंद करायची सोय मिळायला एप्रिल २०१९ उजाडला. ॲप तेच, इंजिनियर तेच. त्या तीन राज्यांत चेहरा, बोटांचे ठसे यांबद्दल कायदे होते आणि युरोपात नुकताच जीडीपीआर हा वैयक्तिक डेटा जपणारा कायदा लागू झाला होता, एवढाच फरक. त्यामुळे 'तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे' असं कुणी म्हणालं की मला एव्हर आठवतं.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, या कंपनीशी तडजोड केली. खातं बंद केलेल्यांचे फोटो पुसा, हे तर आलंच. पण लोकांच्या फोटोंवर तयार झालेली मॉडेल्स आणि अल्गोरिदमही, म्हणजे त्या फोटोंवरून चेहरे ओळखायला शिकलेले प्रोग्रॅमही, पुसा, असं बजावलं. माझ्या मते नियंत्रण म्हणतात ते हे. नुसतं 'डिलीट' दाबून आपली प्रत गेली आणि त्यातून कमावलेलं त्यांच्याकडे राहिलं, तर आपल्या हातात काय आलं?

आता कुणी म्हणेल, मशीनने फोटो वाचायचेच नाहीत का? वाचावेत की. 'आजी' असं शोधलं की आजीचे फोटो समोर येतात, ते मला हवंच आहे. पण माझ्यासाठी शोधणं वेगळं आणि माझ्या फोटोंवर नवं उत्पादन घडवणं वेगळं. ही दोन्ही कामं 'सेवा सुधारण्यासाठी' या एकाच गुळगुळीत वाक्यात कोंबतात, तिथे माझा आक्षेप आहे. दुसऱ्या कामासाठी वेगळं विचारा, आणि ते बटण मुळात बंद ठेवा.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिने, म्हणजे २०२७ चा मे. कागदावर काही गोष्टी खरोखर चांगल्या आहेत. संमती ठरावीक कारणापुरतीच. ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. सूचना मराठीतही वाचायला मिळायला हवी. आपल्या पश्चात हे हक्क कुणी वापरायचे, तेही नेमून ठेवता येईल. वडील गेले आणि सगळे फोटो पासवर्डमागे अडकले, अशी घरं पाहिली असतील तर या कलमाची किंमत कळेल.

पण संमती मागे घेण्याआधी जे केलं ते कायदेशीरच राहतं, आणि तोवर तयार झालेल्या मॉडेलचं काय, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. सरकारला सवलती भरपूर, तो वेगळ्या पोस्टचा विषय. मला जास्त खटकतं ते हे, की आपला डेटा उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता आणि २०२३ च्या कायद्यातून तो गायब झाला. युरोपात तो २०१८ पासून आहे. पंधरा वर्षांचे फोटो हलवता येत नसतील, तर नव्या अटी आल्यावर माणूस 'मान्य आहे' दाबण्याशिवाय दुसरं काय करणार?