बोट वळत नाही आणि म्हणे फिट!

धाकटा भाऊ भोसरीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होता. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर चालू ठेवला की प्रॉडक्शन कमी होतं, म्हणून सेन्सर बंद ठेवूनच प्रेस मारायची, ही तिथली रीत. व्हायचं तेच झालं. डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं पेर गेलं, मधलं बोट चेंगरलं. मधलं अजून जागेवर आहे, पण ताठ. शर्टाची गुंडी लावायला त्याला बायको लागते.

ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे पैसे सुरू होते, सरासरी रोजाच्या 90 टक्के. कसंबसं भागत होतं. मग दवाखान्यातल्या डॉक्टरने मान वरसुद्धा न करता फायनल सर्टिफिकेट हातात दिलं. फिट! झालं, पैसे बंद. तो कागद घेऊन कंपनीत गेला तर सुपरवायझर म्हणतो, "असल्या हाताने तुला प्रेसवर कसा उभा करू? रिस्क कोण घेणार?" लाभ चालू होता तोवर कंपनीला त्याला काढता तरी येत नव्हतं. फिटचा शिक्का पडला नि तेही संपलं. बरं, कामगार भरपाईच्या कायद्याखाली कंपनीकडे दाद मागावी, तर ईएसआयवाल्याला ती वाट बंद. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

कायमचं अपंगत्व किती ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाचं तर विचारूच नका. कुठलं बोट गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा कायद्यात तक्ता आहे. गेलेल्या पेराचे त्याप्रमाणे 9 टक्के, संपला विषय. मधल्या बोटाचं काय? "ते आहे ना जागेवर!" आहे, मग काय पूजा घालू त्याची? तोच तक्ता वाचलाय मी. हे बोट मुळापासून तुटलं असतं तर 12 टक्के मिळाले असते! आणि 9 टक्के म्हणजे किती? 500 रुपये रोज असेल तर त्याचे 90 टक्के 450, आणि त्यातले 9 टक्के. दिवसाला 40 रुपये 50 पैसे. घ्या, चालवा संसार.

आता म्हणे अपील करा. वैद्यकीय अपील न्यायाधिकरणात जा, नाहीतर सरळ कामगार विमा न्यायालयात. मुदत, निर्णय कळल्यापासून तीन महिने. पण निर्णय कळवतंय कोण? खिडकीवर विचारलं की एकच उत्तर, "पत्र पाठवलंय." शेवटी पत्र आलं, तर आत तारीख एक आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का भलताच. ते पाकीट मी फाइलला लावून ठेवलंय, उद्या मुदत टळली म्हणाले तर तोंडावर मारायला. वकील म्हणतात, बाहेरच्या हाडांच्या डॉक्टरचा रिपोर्ट आणा, नसांची तपासणी करा. करतो ना! पण खर्च कोणी करायचा? ज्याचे पैसे बंद केलेत त्यानेच?

पगारातून विम्याचा पाऊण टक्का कापताना यांचा एक महिना कधी चुकला नाही.

वर नातेवाईकांचा शहाणपणा, "कशाला कोर्टकचेऱ्या, सिक्युरिटीत लावून टाका त्याला." गेला होता ना सिक्युरिटीवाल्यांकडे. हात बघितला आणि म्हणाले, आधी बाहेरचं मेडिकल करून आण, ईएसआयचं फिट चालत नाही.