ई-मेल पत्त्यांच्या विकाऊ यादीविषयी

नवी मुंबई आणि ठाण्यातील लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो आहे. केमिकल आणि फार्मा कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांचे ई-मेल पत्ते तयार यादीत विकत मिळतात. ते सॉफ्टवेअरने तपासलेले असल्यामुळे खात्रीचे असतात. यादी जितकी मोठी तितक्या ऑर्डर जास्त. आणि ई-मेलबाबत भारतात कायदाच नसल्यामुळे बिनधास्त पाठवावे, असा त्याचा आशय. रबाळ्याच्या एमआयडीसीत पंपांचे मेकॅनिकल सील (पंपाच्या फिरत्या दांड्याजवळून द्रव गळू नये म्हणून बसवायचा भाग) बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याची विक्री मी पाहतो. आमचे बहुतेक ग्राहक याच उद्योगातले आहेत आणि अशी एक यादी विकत घेऊन मी हात पोळून घेतलेले आहेत, म्हणून हे उत्तर.

पहिले विधान खरेदी अधिकाऱ्यांचे. मी घेतलेल्या यादीतील पत्ते उघडून पाहिले तेव्हा त्यांचा उगम लक्षात येऊ लागला. कंपनी नोंदणीच्या वेळी सरकारदरबारी दिलेला ई-मेल अनेकदा कंपनीच्या सनदी लेखापालाचा किंवा कंपनी सेक्रेटरीचा असतो. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी पत्ता देणे सेबीच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे तो सहज सापडतो आणि यादीत जाऊन बसतो. उरलेले बरेचसे ‘सेल्स’ किंवा ‘इन्फो’ने सुरू होणारे, म्हणजे जो स्वतः माल विकायला बसला आहे त्यालाच आपण माल विकायला निघालेलो. नौपाड्यातील एका लेखापालांनी मला सौजन्याने कळवले की यादीत ज्या कंपनीपुढे त्यांचा पत्ता होता तिचे ते विवरणपत्र भरतात आणि त्यांच्या कार्यालयात पंप नाही. काही पत्ते तर व्हीएसएनएल या जुन्या इंटरनेट कंपनीचे होते. त्या कंपनीचे नाव 2008 मध्ये बदलले, यावरून यादीच्या वयाचा अंदाज बांधावा.

समजा, पत्ता खरोखर खरेदी विभागाचा निघाला, तरी आमच्या धंद्यात निर्णय तेथे सुरू होत नाही. सील गळते तेव्हा मेंटेनन्सचा माणूस इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, काढतो, त्यात बहुतेक वेळा मेक (कोणत्या कंपनीचे) आणि मटेरियलही लिहून टाकतो, आणि मग परचेसवाले तीन कोटेशन मागवतात. ज्याने इंडेंट लिहिले त्याला आपण माहीत नसू, तर परचेसच्या पेटीत पडलेले आपले पत्र केवळ तिसरे कोटेशन म्हणून उपयोगी पडते.

दुसरे विधान तपासणीचे. ही सॉफ्टवेअरे समोरच्या मेल सर्व्हरला एवढेच विचारतात की या नावाचे पत्र तू स्वीकारशील का. कित्येक कंपन्यांचे सर्व्हर आपल्या डोमेनवर आलेले कोणतेही नाव स्वीकारतात, मग ते अस्तित्वात असो वा नसो. तेथे या उत्तराला अर्थ उरत नाही. ज्या माणसाने नोकरी सोडली पण ज्याची पेटी बंद केलेली नाही, त्याचा पत्ताही ‘खात्रीचा’च ठरतो. यापेक्षा अधिक येथे सांगण्यासारखे नाही.

यादी मोठी तितक्या ऑर्डर जास्त, या तिसऱ्या विधानावर मात्र थांबले पाहिजे, कारण नुकसान तेथेच होते. ठाणे-बेलापूर पट्टा आता केवळ केमिकलचा राहिलेला नाही. ऐरोली आणि महापे येथे आयटी पार्क आहेत, डेटा सेंटर आहेत, आणि पिनकोडवरून केलेल्या यादीत ती सगळी येतात. उलट, कारखाना तळोज्याला पण नोंदणीकृत कार्यालय अंधेरीला, किंवा कार्यालय वाशीला आणि प्लांट महाडला, अशी उदाहरणे आमच्या ग्राहकांतच आहेत. ती पिनकोडच्या चाळणीतून गळून जातात.

उपयोगी माहिती चव्हाट्यावर, फुकट पडलेली आहे, फक्त ती वाचण्याचे कष्ट घ्यावे लागतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांना जी संमतीपत्रे देते ती त्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि त्यांत कारखान्याचा प्लॉट नंबर, उत्पादनांची नावे, कमाल उत्पादन आणि सांडपाण्याचे प्रमाण दिलेले असते. 2006 च्या अधिसूचनेखाली ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, त्यांचे अहवाल ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर असतात आणि त्यांत प्रक्रिया, कच्चा माल आणि सॉल्व्हंटपर्यंत तपशील सापडतो. जीएसटी क्रमांकाच्या शोधात ई-मेल मिळत नाही, पण कंपनी कोणत्या मालाचा व्यवहार करते ते कळते. प्लांटमध्ये टोल्युइन हे सॉल्व्हंट फिरते हे मला आधी कळले, तर ईपीडीएम या रबराची ओ-रिंग तेथे टिकणार नाही हे मी पहिल्याच पत्रात लिहू शकतो. ॲसिटोन असेल तर व्हिटॉन हे दुसरे रबर फुगते, तेव्हा वेगळे मटेरियल सुचवावे लागते. अशी पत्रे दिवसाला चारपाचच लिहून होतात, हे मान्य आहे. पण मेंटेनन्सचा माणूस ते वाचतो, कारण त्यात त्याच्याच पंपाविषयी काही लिहिलेले असते.

ई-मेलबाबत कायदाच नाही, हे चौथे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणून अधिक फसवे आहे. त्रासदायक ई-मेलही ज्याच्या कक्षेत येत असे ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले, आणि ट्राय या दूरसंचार नियामकाचे 2018 चे नियम फोन व एसएमएसपुरते आहेत. परंतु 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. ज्या पत्त्यात माणसाचे नाव आहे तो वैयक्तिक डेटाच होय. त्या व्यक्तीने तो स्वतः जाहीर केला असेल किंवा कायद्याने जाहीर करावा लागला असेल, तर कायद्याची सूट आहे. कोणी कोठून तरी गोळा करून विकलेल्या पत्त्याबाबत ही सूट सांगताना अडचण होईल.

शिवाय कायद्याच्या आधी जीमेल आडवे येते. वैयक्तिक जीमेल खात्यांवर दिवसाला 5,000 हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आल्याचे दाखवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखखुणा ठेवाव्या लागतात, प्रचाराच्या पत्रातून एका क्लिकने बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली राखाव्या लागतात. आमच्यासारख्या छोट्या पाठवणाऱ्यालाही तक्रारींची ती मर्यादा चुकत नाही. यादीवर मी आमच्याच डोमेनवरून पत्रे पाठवली, आणि पुढील काही आठवडे जुन्या ग्राहकांना गेलेली कोटेशन आणि बिलेसुद्धा त्यांच्या स्पॅममध्ये सापडू लागली. एका ग्राहकाने पेमेंट का थांबले याचे कारण फोनवर सांगितले, तेव्हा मला हे कळले.

राहिला प्रश्न पत्ता मिळवण्याचा. कंपनी कायद्याच्या 12 व्या कलमानुसार प्रत्येक कंपनीला आपल्या पत्रांवर आणि बिलांवर दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल असल्यास छापावा लागतो, म्हणून एखादे जुने चलन किंवा बिल हाताशी असले तरी बोर्डलाइनचा, म्हणजे कंपनीच्या मुख्य फोनचा, नंबर मिळतो. त्यावर जेवणाच्या सुट्टीनंतर फोन करावा आणि “रिॲक्टरच्या पंपांचं मेंटेनन्स कोण बघतात? त्यांना टेक्निकल माहिती कुठल्या मेलवर पाठवू?” एवढेच विचारावे. ऑपरेटर बहुधा नाव सांगतो, कधी थेट जोडूनच देतो, आणि कधी आधी व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरा म्हणतो. तो फॉर्म भरावा.